अंडे-टोस्टची न्याहारी : अ‍ॅव्होकॅडो असो वा शेंगदाणा

गेल्या वर्ष-दोन वर्षांत वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या मोबाईलवर एक न्याहारी सारखी दिसते. भाजलेल्या ब्रेडवर हिरवट लोण्यासारखे काहीतरी पसरलेले आणि त्यावर अंडे. मुली विचारतात, हे घरी होईल का? आया विचारतात, हे खाऊन खरंच अंगाला काही लागतं का, की नुसती फॅशन? आरोग्य पानाकडे हे दोन्ही प्रश्न आले, म्हणून या अंकात तोच पदार्थ घेतला आहे.

उत्तर आधीच सांगतो. घरी होतो, दहा मिनिटांत होतो, आणि त्यातली मोठी ताकद अंड्यात आहे. ते हिरवे फळ महाग आहे आणि चांगलेही आहे, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. फळ मिळाले तर घालावे, नाही मिळाले तर शेंगदाण्याची घट्ट चटणी लावावी. अंडे मात्र गाळू नये.

एक खुलासा करून पुढे जाऊ. आपल्याकडे टोस्ट म्हटले की चहात बुडवायचा कडक, गोडसर टोस्ट डोळ्यांपुढे येतो. इथे तो नाही. इथे टोस्ट म्हणजे ब्रेडची किंवा पावाची चकती तव्यावर खरपूस भाजलेली.

आपली सकाळ

वस्तीतली सकाळ आपण सगळे जाणतो. साडेपाचला पाणी येते. पाणी भरून होते तोवर चहा उकळतो. चहाबरोबर खारी, बटर, टोस्ट किंवा पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा. मुले तेवढ्यावर शाळेत जातात. घरची बाई चार घरची कामे करायला बाहेर पडते आणि दुपारी एक-दोनपर्यंत तिच्या पोटात तो चहाच असतो. मधल्या वेळेत एखाद्या घरी पुन्हा चहा मिळतो, तोच भूक मारतो. संध्याकाळी पाय दुखतात, चक्कर येते, चिडचिड होते. मग आपण म्हणतो, वय झालं.

खारी, बटर, बिस्किट यांत असते काय? मैदा, साखर आणि वनस्पती तूप. पोट काही वेळ भरल्यासारखे वाटते, पण शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने त्यात नावापुरती असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम आणि पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. चहा-बटरने सुरू झालेल्या दिवसात दुपारी भात-वरण, रात्री चपाती-भाजी एवढेच असेल, तर हा आकडा गाठणे कठीण जाते. वरण पातळ असेल तर फारच कठीण.

याच्या जोडीला रक्ताची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या गल्लीत दहा बायका उभ्या केल्या, तर पाच-सहा जणींचे रक्त कमी निघण्याचा संभव आहे. सकाळची न्याहारी सुधारणे हा त्यावरचा पुरा इलाज नव्हे. पण सुरुवात करायला यापेक्षा स्वस्त जागा आम्हाला दिसत नाही.

ते हिरवे फळ

त्याचे नाव अ‍ॅव्होकॅडो. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे. आपल्या देशात कर्नाटकातल्या कोडगूत, तामिळनाडूतल्या निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांत, केरळातल्या वायनाडमध्ये आणि सिक्कीममध्ये ते पिकते. दक्षिणेत त्याला बटर फ्रूट म्हणतात, आणि बंगळूरला ज्यूसच्या गाडीवर त्याचे दूध-साखर घालून मिल्कशेक करून पितात. तिकडे ते काही श्रीमंतांचे फळ नाही. आपल्याकडे मोठ्या शहरांच्या बाजारात परदेशातून आलेले, काळसर खरखरीत सालीचे फळ जास्त दिसते, आणि त्या एका फळाच्या पैशात बहुतेक वेळा डझनभर अंडी येतात. पावसाळ्याच्या सुमारास दक्षिणेकडचे मोठे, हिरव्या सालीचे फळ येते. ते त्यामानाने स्वस्त पडते.

फळ असूनही ते गोड नाही. शंभर ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो, आणि तो बहुतेक शेंगदाण्याच्या तेलासारखा, हृदयाला त्रास न देणारा. तंतुमय भाग सुमारे ७ ग्रॅम, त्यामुळे पोट साफ राहायला मदत होते. पोटॅशियम भरपूर, फोलेटही बरे. प्रथिने मात्र अवघी २ ग्रॅम. एका मध्यम फळाचे चार भाग केले तर एकेकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण ग्रॅम प्रथिने येतात. म्हणून आम्ही म्हणतो की या न्याहारीत फळ हे लोण्याच्या जागी आहे, अंड्याच्या जागी नाही.

हे फळ झाडावर पिकत नाही, काढल्यावर पिकते. त्यामुळे दुकानात दगडासारखे कडक मिळाले तरी हरकत नाही. कागदात गुंडाळून एका पिकलेल्या केळ्याबरोबर तांदळाच्या किंवा पिठाच्या डब्यात ठेवावे, तीन-चार दिवसांत तयार होते. अंगठ्याने हलके दाबल्यावर किंचित दबले की पिकले असे समजावे. बोट आत जात असेल तर ते उतरलेले आहे, घेऊ नये. देठाचे बोंड नखाने काढून पाहावे, खाली हिरवे दिसले तर फळ चांगले, तपकिरी दिसले तर आत काळे पडले असण्याची शक्यता.

चिरताना सुरी उभी, बियेभोवती फिरवून दोन्ही अर्धे पिळून वेगळे करायचे. बी चमच्याने काढायची. मोबाईलवर लोक बियेत सुरी मारून ती उचलताना दिसतात, ते करू नये. सुरी घसरून तळहात कापल्याच्या घटना पुष्कळ होतात.

अंड्याविषयी

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि ती शरीराला जवळजवळ पूर्ण वापरता येतात. शिवाय अ आणि ड जीवनसत्त्व, बी-१२, आणि मेंदूला लागणारे कोलीन. बी-१२ भाजीपाल्यात नसते, आणि ते कमी पडले तरी रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात. हे सारे सात-आठ रुपयांत. दुकानात मुलांच्या ताकदीसाठी म्हणून चॉकलेटच्या चवीची पावडर मिळते. तिच्या एका मोठ्या डब्याच्या पैशात तीस-चाळीस अंडी येतात, आणि पावडरीत साखरच जास्त असते. आईने डबा घ्यायचा की अंड्यांचा ट्रे, हे डब्यावरचे बारीक अक्षर वाचून ठरवावे.

अंड्यांचा घाऊक दर रोज शेकड्यावर जाहीर होतो, काही वर्तमानपत्रांत छापूनही येतो. त्यावरून दुकानदार किती वर घेतो ते कळते. तीस अंड्यांचा ट्रे दोन घरांनी मिळून घेतला तर सुट्या अंड्यांपेक्षा स्वस्त पडतो. थंडीत भाव चढतात. श्रावणात पुष्कळ लोक अंडी बंद करतात, तेव्हा भाव उतरतात. श्रावण न पाळणाऱ्या आपल्या घरांनी त्या महिन्याचा फायदा जरूर घ्यावा.

तपकिरी अंडे ताकदीचे आणि पांढरे हलके, हा समज चुकीचा आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. बलकाचा गडदपणा तिच्या खाण्यावर असतो. गावरान अंडे चवीला छान, घरची कोंबडी असेल तर उत्तमच, पण फक्त ताकदीसाठी दुप्पट पैसे मोजण्याएवढा फरक त्यात नाही. त्या पैशात साधी दोन अंडी घ्यावीत.

अंडे ताजे आहे का ते पाण्यात कळते. तळाशी आडवे पडले तर ताजे. तळाशीच पण उभे राहिले तर जुने, लवकर आणि पूर्ण शिजवून संपवावे. तरंगले तर टाकून द्यावे. फ्रीज नसेल तर अंडी शेगडीपासून दूर, घरातल्या थंड कोपऱ्यात, निमुळती बाजू खाली करून ठेवावीत. उन्हाळ्यात आठवड्यापेक्षा जास्त साठा करू नये. आणून लगेच धुऊन ठेवू नयेत, कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि जंतू आत शिरायला वाट मिळते. वापरण्याच्या आधी धुवावीत. कवच फोडलेला हात साबणाने धुवावा.

अंडे उष्ण, उन्हाळ्यात गळवे येतात, असे सासूबाई सांगतात. गळवे त्वचेवरच्या जंतूंमुळे येतात, अंड्यामुळे नाही. उन्हाळ्यातही रोजचे एक अंडे चालते. फक्त उकडलेले अंडे रात्रभर बाहेर ठेवून सकाळी खाऊ नये.

व्यायामशाळेत जाणारी आमची पोरे बलक फेकून पांढरे तेवढे खातात. अ, ड, बी-१२ आणि कोलीन बहुतांशी बलकात असते. फेकण्याआधी तो धाकट्या बहिणीला तरी द्यावा.

काही घरांत अंडे खाण्यावरून वेगळाच प्रश्न असतो. पहिले शील पाळणाऱ्याने अंडे खावे का? बाजारात मिळणारी पोल्ट्रीची अंडी कोंबड्याशिवाय घातलेली असतात. ती कितीही दिवस उबवली तरी त्यातून पिल्लू निघत नाही. ही माहिती देणे आमचे काम. खायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. वर्षावासात किंवा पौर्णिमेला काही घरी अंडे बंद असते, त्यांनी त्या दिवशी चटणीचा थर दुप्पट लावावा आणि जोडीला वाटीभर मोड आलेले मूग घ्यावेत. अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. त्यांनी तर सकाळचे खाणे हलके ठेवूच नये.

कृती

चार माणसांसाठी ब्रेडच्या आठ चकत्या किंवा चार पाव, चार अंडी, एक पिकलेले मध्यम अ‍ॅव्होकॅडो, अर्धे लिंबू, एक लहान कांदा, एक टोमॅटो, एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर, मीठ, मिरपूड आणि दोन चमचे तेल.

फळाचा गर वाटीत काढून काट्याने किंवा वरण घोटायच्या रवीने ठेचायचा. अगदी लगदा करू नये, थोडे तुकडे राहिले तर खाताना बरे लागतात. लगेच लिंबू पिळायचे. चिरलेले सफरचंद जसे काळे पडते तसाच हा गर पडतो, लिंबाने ते थांबते. मीठ, बारीक चिरलेली मिरची आणि कोथिंबीर घालून बाजूला ठेवावे. लसणाची पाकळी ठेचून घातली तर आपल्या जिभेला ते जास्त ओळखीचे लागते. आमच्या आरोग्य वर्गात करून दाखवले तेव्हा बिनलसणीच्या वाटीकडे दुसऱ्यांदा कोणी वळले नाही.

तवा तापवून त्यावर तेलाचे बोट फिरवायचे आणि ब्रेड दोन्ही बाजूंनी मंद आचेवर भाजायचा. घाईत आच मोठी केली की वर काळा आणि आत ओला राहतो. पाव असेल तर मधून उघडून आतली बाजू तव्यावर टेकवावी. ब्रेड विकत घेताना एक पाहावे. तपकिरी रंगाचा म्हणजे गव्हाचा, असे नसते. कित्येकदा मैद्यालाच रंग दिलेला असतो. पाकिटावर घटकांची यादी असते, तिच्यात पहिले नाव गव्हाच्या पिठाचे असेल तरच तो गव्हाचा. आणि रात्रीची ज्वारीची भाकरी उरली असेल तर ब्रेडचा विचारच करू नये. शिळी भाकरी तव्यावर कडक करून तिच्यावर हे सारे लावले की मैद्याच्या ब्रेडपेक्षा कितीतरी उजवे होते. आम्हाला स्वतःला तीच आवडते.

त्याच तव्यावर अंडी. अंडे फोडताना थेट तव्यावर न फोडता आधी वाटीत फोडावे, म्हणजे एखादे खराब निघाले तर बाकीचे वाया जात नाही. थोड्या तेलावर अंडे सोडून झाकण ठेवायचे, दोन मिनिटांनी उलटायचे आणि बलक घट्ट होईपर्यंत ठेवायचे. हॉटेलात बलक वाहता ठेवतात, फोटोत तो छान दिसतो. पण लहान मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि आजारी माणूस यांना वाहत्या बलकाचे अंडे देऊ नये. कच्च्या अंड्यातल्या जंतूंनी जुलाब-उलट्या होतात. दुधात कच्चे अंडे फेटून पिण्याची तालमीतली जुनी सवयही सोडावी. कच्च्यापेक्षा शिजलेल्या अंड्यातली प्रथिने शरीराला जास्त मिळतात.

उकडलेल्या अंड्याच्या चकत्या ठेवल्या तर तेलही वाचते. गॅस वाचवायचा असेल तर पातेल्यात अंडी बुडतील एवढे गार पाणी घालावे, खळखळून उकळी आली की गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे. बारा ते पंधरा मिनिटांत अंडी आपोआप पूर्ण होतात. तोवर बाईची वेणी-फणी होते. जास्त वेळ उकळले तर बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. ती विषारी नाही, फक्त अंडे जरा रबरी होते.

आता भाजलेल्या चकतीवर हिरवा थर, त्यावर टोमॅटो-कांद्याच्या चकत्या, त्यावर अंडे आणि वर मिरपूड. झाले.

फळ नसेल तर

महिन्यातले बहुतेक दिवस नसणारच. मग भाजलेल्या शेंगदाण्याचा एक वाटी कूट, तीन-चार चमचे दही, दोन लसूण पाकळ्या, हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि लिंबू एकत्र वाटून घट्ट चटणी करावी. ती ब्रेडवर लोण्यासारखीच पसरते. चवीत ती अ‍ॅव्होकॅडोला हार जात नाही, आणि ताकदीचा हिशेब केला तर पुढे जाते.

हिशेब असा. दोन चकत्यांचे साधारण ४ ते ५ ग्रॅम प्रथिने, अंड्याचे ६ ग्रॅम. वर पाव फळाचा गर लावला तर एकूण दहा-अकरा ग्रॅम. त्याऐवजी वीस ग्रॅम शेंगदाण्याची चटणी लावली तर एकूण पंधराच्या आसपास. म्हणजे बाईच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सकाळी आठच्या आत. शेंगदाण्यातला निम्मा स्निग्धांश अ‍ॅव्होकॅडोत असतो त्याच जातीचा आहे. तंतू आणि पोटॅशियम फळात जास्त, एवढा मान त्याला द्यावा.

शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशी लागलेले दाणे काढून टाकावेत. कडू लागलेला दाणा गिळू नये, थुंकावा. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. पावसाळ्यात ओल धरलेला स्वस्त माल म्हणून घेऊ नये.

चार अंडी, सहा माणसे

आरोग्य वर्गात एका वहिनींनी विचारले, "ताई, अंडी चार आणि माणसं सहा, मग कसं करायचं?" हा प्रश्न खरा आहे. आख्खे अंडे वाटता येत नाही. मग ते आधी कमावत्या माणसाच्या ताटात जाते, मग मुलाच्या, आणि मुलगी व आई यांना "मला नको, मला वास येतो" असे म्हणायची सवय लागते. आम्ही त्यांना सांगितले, "वहिनी, मग हाफ फ्राय करूच नका, बुर्जी करा." दोन कांदे, दोन टोमॅटो, हळद, मिरची घालून चार अंड्यांची बुर्जी केली की ती पळीने सहा टोस्टवर सारखी वाटता येते. आणि वाटणाऱ्या बाईने आपला टोस्ट सगळ्यांच्या आधी भरून बाजूला झाकून ठेवावा. हे ऐकून वर्गात हशा पिकला, पण दोन-तीन जणी हसल्या नाहीत.

अंडे कमीच असेल तर क्रम ठरवावा. गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई, वाढत्या वयाची मुलगी आणि मुलगा, सहा महिन्यांवरचे बाळ, आणि घरात क्षयाचा रुग्ण असेल तर तो. यांचे अंडे आधी. बाळाला पहिल्यांदा देताना उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर कुस्करा द्यावा आणि दोन-तीन दिवस पाहावे. अंगावर चट्टे उठले, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

क्षयाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून बँक खात्यात पैसे मिळतात. आधी ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हे पैसे घरखर्चात मिसळून जातात. त्यातून आधी महिन्याची तीस अंडी बाजूला काढली तर अडीचशे रुपयांच्या आत काम होते.

शाळेत अंडे मिळते, असे काहीजण म्हणतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असे सुरू झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी बंद केला आणि लोकसहभागातून द्या असे सांगितले. तामिळनाडूत शाळेच्या जेवणात मुलांना रोज अंडे मिळते. आपल्या शाळेत काय चालले आहे हे पालक सभेत विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि तो वापरावा, पण तोवर मुलाचे अंडे घरातूनच आले पाहिजे.

चहा आणि गोळी

अंड्याने सगळे भागत नाही हेही सांगितले पाहिजे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. एका अंड्यात ते एक मिलिग्रॅमही नसते. रक्त वाढायचे तर बाजरी, पालेभाजी, कडधान्य, परवडेल तेव्हा कलेजी-मासळी, आणि दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी हवीच. शाळेत पाचवीच्या पुढच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, लहानांना गुलाबी. पुष्कळ मुली ती नळाखाली टाकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळते. पोटात टोस्ट-अंडे असेल तर मळमळ कमी होते. गोळी घेतल्यावर शी काळी होते, त्याला घाबरू नये.

आणि चहा. चहातली द्रव्ये अन्नातले आणि गोळीतले लोह शरीरात शिरू देत नाहीत. म्हणून न्याहारीबरोबर आणि गोळीबरोबर चहा घेऊ नये. चहा सोडा असे आम्ही सांगणार नाही, कोणी ऐकणारही नाही. उठल्यावर घ्या आणि तासाभराने खा, किंवा आधी खा आणि तासाभराने घ्या. चटणीत लिंबू पिळा असे वर सांगितले ते नुसते चवीसाठी नव्हते. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने धान्य-भाजीतले लोह जास्त प्रमाणात रक्तात उतरते. पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो यांनीही तेच होते.

कोणी जपून खावे

निरोगी माणसाला रोज एक अंडे चालते. रक्तातले कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतच तयार करते, आणि ते वाढायला अंड्यापेक्षा वनस्पती तूप, तळण आणि खारी-बटर जास्त कारण होतात. तरी मधुमेह, हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल तर आठवड्याला किती अंडी खावीत हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेहींनी मैद्याच्या ब्रेडऐवजी भाकरी घ्यावी आणि एकच टोस्ट खावा. रक्तदाब असेल तर चटणीत मीठ निम्मे करावे. ब्रेडमध्ये आधीच मीठ असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसाने अ‍ॅव्होकॅडो खाऊ नये, त्यातले पोटॅशियम त्यांना धोक्याचे ठरते. त्यांच्यासाठी शेंगदाणा आणि अंडे यांचे प्रमाणही डॉक्टरांकडूनच घ्यावे.

ज्यांच्या घरी सकाळी सहालाच सगळ्यांना निघायचे असते, त्यांनी रात्री चटणी वाटून फ्रीजमध्ये, फ्रीज नसेल तर दही न घालता कोरडी करून डब्यात ठेवावी, कांदा चिरून ठेवू नये. सकाळी पाणी भरता भरता एका शेगडीवर अंडी, दुसरीवर तवा. बाहेर कामाला जाणाऱ्या बाईने दोन टोस्ट एकमेकांवर ठेवून कागदात गुंडाळून पिशवीत टाकावेत आणि पहिल्या कामाच्या आधीच खावेत. घट्ट शिजवलेल्या अंड्याचे टोस्ट दोन तासांपलीकडे उन्हात ठेवू नयेत.

पुढील अंकात मोड आलेल्या मटकी-मुगाची न्याहारी आणि मोड आणताना वास का येतो, याविषयी.